गायिका अज्ञात

धारवाड, १२ जुलै १९९८

अक्का,

पाकिटावर ‘सीताबाई’ हे परकं नाव लिहिताना हात अडखळला. पण अनुसया मौशीनं बजावलंय, हेमावती असं लिहायचं नाही आणि का ते विचारायचंही नाही. तुझा पत्ता इतकी वर्षं तिच्याकडे होता हेच मला आईच्या तेराव्याला कळलं. होय, आई गेली. फार हाल झाले नाहीत. अप्पा गेल्यावर तिनं घरात तुझं नाव घ्यायला सुरुवात केली होती. शेवटच्या आठवड्यात मलाच हेमा म्हणायची. मी ओ देत होते.

मला तुझा राग आहे हे लपवत नाही. अप्पांच्या मनाविरुद्ध तू सुधींद्ररावांशी लग्न करून त्यांच्या ऑर्केस्ट्रात गायला गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. कलघटगीच्या जत्रेत कार्यक्रम अर्ध्यावर टाकून नाहीशी झालीस तेव्हा मॅट्रिकला. त्यानंतर चौदा वर्षं एक ओळ नाही. लोकांनी काय काय म्हटलं ते तुला सांगून उपयोग नाही. कुणी म्हणे तबलजीबरोबर पळाली, कुणी म्हणे विहीर जवळ केली. आई दोन्ही ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

माझं सांगते. लग्न केलं नाही. ग्रंथालयाचा कोर्स केला आणि आता हुबळीला लॅमिंग्टन रोडमागच्या गल्लीत एका संगीत संग्रहालयात नोकरी करते. धारवाडात रागदारीला मान आहे, तिला जपायला माणसं आहेत. पण लग्नाच्या मांडवात, गणपतीत, उरुसात जे वाजलं, नाटक कंपन्यांच्या तबकड्या, ऑर्केस्ट्राच्या टेपा, बसस्टँडवर विकल्या गेलेल्या कॅसेटी, ते कुणी जपत नाही. ते आम्ही जपतो. माझं काम म्हणजे टेप साफ करायची, बुरशी काढायची, ऐकायची आणि कार्डावर लिहायचं: गाणं कोणतं, गायलं कुणी, तो माणूस आता कुठे असतो. माझा कान पक्का आहे असं सगळे म्हणतात. दोन ओळी ऐकल्या की गाणारा सांगते.

आणि हे तुला कळायला हवं की आमच्या ट्रस्टचे प्रमुख सुधींद्रराव आहेत. संग्रहातला निम्मा ऐवज त्यांचाच. तुझा आवाज मी रोज ऐकते. समोरच्या खुर्चीत तेही ऐकत बसतात, आणि डोळे टिपतात. मला म्हणाले, “साहेब काय म्हणतेस? भावोजी म्हण.” तुझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही त्यांच्या तोंडी. अशा माणसाला टाकून तू का गेलीस?

पत्ता मी त्यांना दिलेला नाही. मौशीला शब्द दिलाय. पण मला तरी ये म्हण.

तुझी,
लक्ष्मी


धारवाड, ६ सप्टेंबर १९९८

अक्का,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. “आईचं कळलं. मी बरी आहे. वाशीमला पोरांना गाणं शिकवते. संग्रहालयात माझं नाव काढू नकोस.” सही नाही.

नाव काढू नको म्हणजे काय? तुझं नाव तिथं भिंतीवर आहे. ऑर्केस्ट्राचं मोठं पोस्टर चौकट करून लावलंय, त्यात तू मधोमध, लांब हाताचं पोलकं घालून. शाळेच्या सहली येतात, मुली विचारतात या कोण. मी सांगते, माझी अक्का. एवढंही करू नको?

भावोजी हल्ली रोज येतात. सकाळी गाडी दाराशी लागते. नागोजी ड्रायव्हर थर्मास आणून ठेवतो. ते कानाला हेडफोन लावून बसतात आणि मधूनच एखादा प्रश्न विचारतात. आईला काही सांगून गेली होती का ती? मौशी अजून अळणावरलाच असते का? लांब कुठे तुमचं कुणी आहे का, परगावी वगैरे? मी नाही म्हणते. ते मान हलवतात. आवाज कधी चढत नाही त्यांचा. पंख्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मलाच पुढे वाकावं लागतं.

तुझ्या भावगीतांची एक कॅसेट तुझ्यासाठी उतरवून घेतली आहे. तू स्वतः कधी ऐकली नसशील. पार्सल बांधत होते तेव्हा भावोजी म्हणाले, “कुणाला?” म्हटलं, एका शिक्षिकेनं मागवली आहे. “दे, गाडी पोस्टावरूनच जाते.” नागोजीनं पावतीही आणून दिली. पोचलं का ते कळव.

तुझी,
लक्ष्मी


धारवाड, २२ नोव्हेंबर १९९८

अक्का,

हे पत्र कसं लिहू ते कळत नाही. तीनदा फाडलं.

दिवाळीनंतर सुधींद्ररावांनी घरून आणखी एक खोकं पाठवलं. टेपच्या जुन्या मोठ्या स्पूल, डब्यांवर निळ्या शाईनं ‘घरगुती’ असं लिहिलेलं. मला वाटलं रियाजाच्या असतील. आमचं मशीन बिघडलं होतं, ते कमरीपेठेतल्या पुंडलिककडून दुरुस्त करून आणलं आणि दुपारी एकटीच ऐकायला बसले. ते त्या दिवशी बेळगावला गेले होते.

पहिल्या स्पूलवर स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आहे. मग सुपात तांदूळ पाखडल्याचा. तू गुणगुणते आहेस. कसलं गाणं नाही, उगाच, काम करताना माणूस गुणगुणतं तसं. मला रडू आलं, आनंदानं. एवढा मोकळा आवाज तुझ्या एकाही कॅसेटवर नाही. मग तू थांबतेस. म्हणतेस, “टेप चालू आहे का?” उत्तर नाही. “बंद करा ना. मला लाज वाटते.” उत्तर नाही. स्पूल संपेपर्यंत तू पुन्हा गुणगुणत नाहीस.

पुढच्या डब्यात तू धुणं धुते आहेस. त्याच्या पुढच्यात कुणाशी तरी बोलते आहेस, बहुतेक दूधवाल्याशी, आणि नंतर त्यांचा आवाज येतो, हळू, रोजच्यासारखाच: “त्याच्याशी हसून का बोललीस? हे बघ, हसल्याचं इथं आलंय.” आणि ते तेवढाच तुकडा परत लावतात. परत. परत. मशीन मशीनला जोडून घेतलेलं असणार. तुझं हसणं किती वेळा आहे ते मी मोजलं नाही, मी मशीन बंद केलं.

टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उतरतो. त्यामुळे तू बोलायच्या आधी क्षणभर तुझ्या बोलण्याची सावली ऐकू येते. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. पण शेवटच्या स्पूलवर मला ते सोसलं नाही. त्यावर दुसरं काही नाहीच. तू आतून म्हणते आहेस, “दार उघडा हो.” ओरडून नाही. पाहुण्यांना वाढताना बोलावं तसं. थोड्या वेळानं पुन्हा, “दार उघडा हो.” आणि माइकच्या अगदी जवळ कुणाचा तरी शांत श्वास.

अक्का, माझ्या पहिल्या पत्रातला तो प्रश्न मी मागे घेते.

हे मौशीला सांगितलेलं नाही. उद्या कामावर जायचंय. त्यांच्यासमोर बसायचंय.

लक्ष्मी


अळणावर, २० डिसेंबर १९९८

अक्का,

हे पत्र पोस्टानं नाही. मौशीचा गडी भीमराव घेऊन येतोय. वाचून होताच त्याच्याबरोबर नीघ. सामान जाऊ दे.

सगळं सांगते, म्हणजे तू हट्ट करणार नाहीस.

गेला आठवडाभर नागोजी, तुझ्या पत्त्याचं पार्सल मी ज्याच्या हाती दिलं तो, दिसत नव्हता. दुसराच माणूस थर्मास आणत होता. शुक्रवारी सुधींद्रराव आले ते खिशातून एक कॅसेट काढतच. नवी कोरी, वर काही लिहिलेलं नाही. म्हणाले, “लक्ष्मी, हिचं कार्ड कर. गाणारी कोण ते तू सांग.”

लावली. रस्त्याचा आवाज, सायकलची घंटी. मग पोरं एका सुरात गाणं घोकताहेत आणि एक बाई त्यांना थांबवते आहे. भरडा, फाटका आवाज. खिडकीबाहेरून टिपलेला असावा. ती बाई म्हणाली, “ळ असा जिभेवर लोळवू नको रे, टाळूला लाव.”

मला वाटलं माझ्या तोंडावर सगळं दिसलं असणार. मला असंच शिकवलं होतंस तू, माडीच्या जिन्यात बसवून.

ते मशीनकडे बघतच नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, “मला ठरवता येईना. बोलण्याची ढब तिची वाटते. पण आवाज हा नव्हे. हा काही तिचा आवाज नव्हे, होय ना? तुझा कान पक्का. तूच सांग.”

मी म्हटलं, पुन्हा लावू का. मला वेळ हवा होता. पुन्हा लावली. तू एक ओळ गाऊन दाखवलीस पोरांना, वरच्या सुरावर पोचायच्या आधीच आवाज तुटला, आणि तू हसलीस. ते हसणं मी त्या स्पूलवर ऐकलं होतं. त्यांनीही ऐकलेलं आहे. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा.

“घाई नाही,” ते म्हणाले.

मी हेडफोन काढले आणि नेहमी बोलते तशी बोलले. म्हटलं, अक्का पेटीच्या काळी पाचला गायची, ही बाई पांढरी दोनच्या वर जात नाही. वयानं आवाज खाली येतो, पण एवढा नाही. अक्का ओळीच्या आधी श्वास घ्यायची, ही मध्येच घेते. हिचं शिक्षण वेगळं आहे. बोली आपल्या बाजूची आहे खरी, पण इकडच्या बायका लग्न होऊन कुठे कुठे जातातच.

“म्हणजे नाही?”

“नाही.”

“आणि हसली ती?”

“हसणं सगळ्यांचं सारखंच असतं टेपवर.”

त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “लिही मग.” मी लिहिलं. गायिका अज्ञात. खाली सही केली. त्यांनी कार्ड वाचलं, शाई वाळेपर्यंत हातात धरलं. “तू खोटं लिहिणार नाहीस,” एवढंच म्हणाले. विचारलं की सांगितलं ते कळलं नाही.

आज पहिल्या गाडीनं इथं आले. तार करणार होते, पण हुबळीच्या तार ऑफिसात त्यांना ओळखणारे आहेत. मौशीला टेपांचं सगळं सांगितलं. तिला त्यातलं नवं काही नव्हतं. तिनं मला कलघटगीचं सांगितलं. मध्यंतरात तू स्टेजच्या मागच्या कनातीखालून सरपटत बाहेर पडलीस, बाजारला आलेल्या भीमरावची बैलगाडी दिसली, आणि कडब्याखाली झोपून इथं आलीस. चार दिवसांनी ते इथंही येऊन गेले. या ओसरीवर बसून ताक प्यायले आणि मौशीच्या तब्येतीची चौकशी केली. गळ्याच्या ऑपरेशनचंही सांगितलं तिनं. मिरजेला झालं, आवाज परत आला नाही. मौशी म्हणाली, “हेमीला मी म्हटलं होतं, रडू नको. देवानं तुला लपायला जागा दिली.”

जागा पुरेल असं मला वाटत नाही. परवा त्यांनी माझा शब्द मानला. उद्या स्वतः गाडीत बसून येतील.

नीघ, अक्का. कुठे जातेस ते मला सांगू नकोस. त्यांनी विचारलं तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नसावं.

लक्ष्मी


धारवाड, १४ मार्च १९९९

अक्का,

तू हलल्याचं मौशीकडून कळलं. हेही पत्र तिच्याच हाती देते आहे, ते तुझ्यापर्यंत कसं पोचतं ते मी विचारत नाही.

तू निघालीस ते बरंच केलंस. संक्रांतीनंतर चार दिवस गाडी आली नाही. त्या चार दिवसांत मी एकही टेप लावली नाही, नुसती दाराकडे बघत होते. पाचव्या दिवशी ते आले. बुटांना वाशीमकडची काळी माती होती. म्हणाले, “जाऊन आलो. खोली बंद. घरमालकीण म्हणाली, बाई तीर्थयात्रेला गेली.” मग हसले. “तू म्हणालीसच की ती नव्हे. म्हातारपणी माणूस वेडा होतो.” मी म्हटलं, होय. त्यांच्यासाठी चहा ओतला. कप बशीवर वाजू दिला नाही.

तुला वाटेल मी नोकरी सोडली का नाही. राजीनामा लिहिला होता, पर्समध्ये घालून दोन दिवस हिंडले. वकीलबाईंकडेही जाऊन आले. वेदश्री म्हणून आहेत, सालस बाई. सगळं ऐकून म्हणाल्या, नवऱ्यानं घरात टेप लावली याला कोर्ट काय म्हणेल, आणि तक्रार करायची तर तुमच्या अक्कांना समोर यावं लागेल. तिथंच मी उठले. मग ध्यानात आलं की तो माणूस माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला असतो तोवर तो तुझ्या दारात नसतो. म्हणून मी राहिले. राजीनामा बंबात घातला.

काम मुद्दाम सावकाश करते. तुझी गाणी एकेक करून काढते, एकच गाणं आठवडाभर साफ करते. म्हणजे ते येत राहतात.

घरगुती स्पूल मी पुसल्या. टेप पुसायचं चुंबकाचं यंत्र आमच्याकडे आहे. बुरशी धरली म्हणून सांगितलं. आयुष्यात काही पुसायचं नाही म्हणून या कामात आले होते. पहिल्या स्पूलला हात लाववेना, ती तांदूळ पाखडतानाची. शेवटी तीही पुसली. तिच्यात तू सुंदर होतीस, पण ती ठेवून त्यांना काय द्यायचं?

त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “जाऊ दे. ती गेलीच आहे. आता मला कळलं, ती जिवंत असती तर इतकी वर्षं गाण्याविना राहिली नसती.” गुढीपाडव्याला तुझ्या नावाचं दालन उघडणार आहेत. ‘कैलासवासी हेमावती’ अशी पाटी रंगवायला टाकली आहे. तुझ्या फोटोला हार मी घालायचा आहे, धाकटी बहीण म्हणून.

घालणार आहे. साऱ्या गावासमोर घालणार आहे आणि रडणारही आहे. हेमावती मेली हे जितक्या जणांना कळेल तितकं बरं. तू मात्र औक्षवंत हो.

लक्ष्मी


धारवाड, २९ ऑगस्ट १९९९

अक्का,

बुधवारी फोन मी ठेवला. लाइन तुटली नव्हती. तू तसं समजू नयेस म्हणून हे लिहिते आहे.

कॅसेटच्या वेष्टनावर आमचा नंबर छापलेला असतो, तिथूनच घेतलास ना? सकाळची वेळ होती. सुधींद्रराव खुर्चीत होते. गेले काही महिने त्यांनी नवीनच काढलंय. हेडफोन लावत नाहीत. टेबलावर माइक ठेवतात आणि म्हणतात, “लक्ष्मी, तू बोल. काहीही बोल. बोलताना तुझा आवाज तिच्यावर जातो.” मी बोलते. बसची गर्दी, भाज्यांचे भाव, पाऊस लांबला. स्पूल फिरत असते. घरी घेऊन जातात. डब्यांवर काय लिहितात ते मी पाहिलेलं नाही.

तर स्पूल फिरत होती आणि फोन वाजला. मी उचलला. तिकडून तू म्हणालीस, “लक्ष्मे?”

आवाज फाटलेला, घशात अडकलेला. पण मला लक्ष्मे म्हणणारं आता जगात कोण राहिलंय? पंधरा वर्षांनी ऐकत होते. मला विचारायचं होतं, जेवतेस ना नीट. मला सांगायचं होतं, आई शेवटी तुझंच नाव घेऊन गेली. माइक हातभर अंतरावर होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

परक्याशी बोलावं तसं मी म्हटलं, “राँग नंबर, री.” आणि ठेवला.

“यारु, कोण?” त्यांनी विचारलं.

“यारो गोत्तिल्ला, ठाऊक नाही. कुणीतरी दवाखाना मागत होतं.”

“बाई होती?”

“होय. बाई होती.”

त्यांनी स्पूल थांबवली, मागे घेतली, लावली. माझा आवाज आला, “राँग नंबर, री.” त्याच्या आधी फोनची घंटा. घंटा आणि माझे शब्द यांच्यामध्ये नुसती खरखर होती. ते कान लावून बसले. पुन्हा मागे घेतली. त्या खरखरीत तू नव्हतीस, अक्का. मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला होता, इतका की संध्याकाळपर्यंत कान लाल होता. कामाची सवय. कुठला आवाज माइकपर्यंत जातो आणि कुठला जात नाही, एवढं तरी मला कळतं.

त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, “आवाज छान लागलाय तुझा आज. घाबरल्यावर तिचाही असाच लागायचा.”

मग गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी आले. कालही आले. उद्याही येतील, आणि मी तिथं असेन.

पुन्हा फोन करू नकोस. मौशीपाशी निरोपही ठेवू नकोस, ती थकली आहे आणि तिची ओसरी त्यांना ठाऊक आहे. हे माझं शेवटचं पत्र. वाचून जाळ.

तुझा आवाज मी पहिल्याच अक्षराला ओळखला, एवढं लक्षात ठेव. पूर्वीपेक्षा मला तो आवडला.

लक्ष्मी